डांबरावर घोटलेला आरसा

तळपाय चोळायच्या काशाच्या वाटीत कथील पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त असतं. ते एक तृतीयांशाच्या जवळपास नेलं की तांब्याची लाली पार हरपते. चांदीसारखा पांढरा, पण काचेसारखा ठिसूळ धातू हाती येतो. जुन्या दुर्बिणींचे आरसे याचेच.

कुरुंदाच्या पुडीनं घासून त्याला खोलगट आकार देता येई. अडायचं ते घोटताना. कापडावर घोटला तर धातू चकाके, पण मऊ कापड आकार बिघडवी. 1668 मध्ये आरशाची पहिली यशस्वी दुर्बीण करणाऱ्या न्यूटनला हे नेमकं ठाऊक होतं: भिंगात खपून जाणारा दोष आरशात पाच-सहापट नडतो. त्याची रीत 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये आहे. तांब्याच्या फुगीर साच्यावर डांबराचा पातळ थर द्यायचा, तांब्याचाच खोलगट साचा ओला करून त्यावर दाबून थर सगळीकडे सारखा पसरवायचा आणि मग कथलाच्या भस्मानं घोटायचं.

मला या गोष्टीत खरं नवल वाटतं ते डांबराचं. सावकाश दाबलं तर ते वाहतं, झटक्यानं घासलं तर दगडासारखं उभं राहतं. म्हणून ते आरशाच्या आकाराला चिकटून राहतं, आणि भस्माचे कण त्यात अर्धे रुतल्यामुळे ओरखडा न काढता अगदी हलके तासत जातात.

पुढं खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं घोटताना एका आरशावरून सलग सोळा तास हात उचलला नाही. बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत होती. एवढं करूनही आरशाचा धातू काळवंडायचाच. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉसनं 1845 साली सहा फूट व्यासाची दुर्बीण उभारली, तेव्हा आरसे दोन केले होते: एक दुर्बिणीत, दुसरा पुन्हा घोटायला.

1850 च्या दशकात काचेवर चांदीचा मुलामा देण्याची युक्ती आली. मुलामा काळवंडला तर तेवढाच उतरवून नवा देता येई, काचेचा आकार शाबूत राही. धातूचे आरसे मागं पडले. डांबर मात्र टिकलं. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या दुर्बीण कार्यशाळांमधून हौशी मंडळींनी काचेचे आरसे स्वतः घासले. या कामात डांबराला ‘पिच’ म्हणतात आणि भस्माच्या जागी सेरियम ऑक्साइड असतं. पिच काचेला सगळीकडून नीट भिडलं की सरकता आरसा हाताला एकदम जड लागतो. तिथून पुढं घाई करायची नाही.