विटांचे घर आणि चुन्याचा गिलावा

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु बांधलेले घर आतून कोरडे कसे राहील, याचाही विचार आपल्या पूर्वजांनी केला होता. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्याचे स्मरण करणे उचित ठरेल.

वीट ही सच्छिद्र असते. दिव्याच्या वातीत तेल चढावे, तसे जमिनीतील पाणी विटांतून वर चढते. ही ओल बाहेर पडू देणारा गिलावा भिंतीस हवा, हे जुन्या गवंड्यांस अनुभवाने ठाऊक होते.

वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या लेपात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई या अभ्यासकांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. हे तंतू ओलावा शोषून घेतात व लेप टिकण्यास साह्य करतात, असे त्यांचे मत आहे.

पेशवाईत दगडी देवळांवर विटांची शिखरे चढली व वाड्यांचे वरचे मजले विटांचे झाले. तेथे चुना कामी आला. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करीत, तो पाण्यात विरवीत आणि वाळूसह बैलाच्या घाणीत दळीत. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत होती. असा गिलावा पावसाळ्यात हवेतील दमटपणा घेतो व उन्हे पडताच सोडून देतो. घराघरांतील माती-शेणाचे लिंपण तर या कामी चुन्याहूनही सरस. मात्र ते पाण्याने धुपते, म्हणून वरचेवर करावे लागते.

इंग्लंडमध्ये १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात पोरबंदर येथे १९१४ साली उत्पादन सुरू झाले. पुढे अनेक वर्षे सिमेंट सरकारी परवान्यावर मिळे. १९८२ साली हे नियंत्रण अंशतः व १९८९ साली पूर्णपणे उठले. सिमेंट सुलभ झाले, घाणी बंद पडल्या आणि जुन्या भिंतींवरही सिमेंटचा गिलावा चढू लागला.

येथेच घात झाला. सिमेंट घट्ट असल्याने ओल आत कोंडते व आणखी वर चढते. क्षार गिलाव्यामागे साठतात, भिंतीस लोणा लागतो, विटांचा भुगा होतो आणि एके दिवशी गिलावा पापुद्र्यासारखा सुटून पडतो. दात्यांनी घामाचा पैसा दिलेला असतो, तो असा मातीत जातो.

यात सिमेंटचा दोष नाही, निवडीचा आहे. सिमेंटात बांधलेल्या व जोत्यात ओल रोखणारा थर असलेल्या नव्या भिंतीस सिमेंटचा गिलावा चालतो. माती वा चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीस आतून चुनाच हवा. प्रथम गळके छप्पर व जोत्याशी साचणारे पाणी यांचा बंदोबस्त करावा. मग एक भाग चुना व तीन भाग वाळू घेऊन पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर सावकाश वाळू द्यावा आणि वर तैलरंग न देता चुन्याची सफेदी करावी.

देऊळ असो वा घर, भिंतीस श्वास घेऊ दिला तर ती पुढील पिढ्यांस सावली देईल. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.