भिंती आधी, दारं नंतर : कंटेनर आपल्या लिनक्समध्ये कसा मिसळला

अमळनेरात संगणकाच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की 1945 साल आठवतंच. त्या वर्षी इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तीच पुढे विप्रो म्हणून संगणकाच्या धंद्यात उतरली. तो इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी आज डब्याविषयीच बोलणार आहे, पण तुपाच्या नाही, सॉफ्टवेअरच्या. (हशा)

कंटेनर हा डबा सर्व्हरसाठी घडला. एकाचं काम दुसऱ्याच्या कामात शिरू नये, हा त्याचा मूळ हेतू. मग तोच डबा आपल्या टेबलावरच्या लिनक्समध्ये इतका कसा मिसळला, की आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हे पटकन ओळखूही येत नाही? आणि या मिसळण्यात आपल्या हातून काय सुटलं? आजचा विषय एवढाच.

आधी कल्पना स्पष्ट करतो. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. बिऱ्हाडं चार, प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, पण अंगणातला आड एकच. कंटेनर म्हणजे असं बिऱ्हाड आणि तो आड म्हणजे लिनक्सचं कर्नेल. याउलट व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतःचा आड खणून बांधलेलं वेगळं घर. चार जीबी रॅमच्या संगणकावर असं दुसरं घर बांधायला जागाच उरत नाही. बिऱ्हाड मात्र सहज मावतं. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

या वाड्यातली पहिली भिंत 1979 ची. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' आलं. एखाद्या प्रोग्रामला सांगायचं, की तुझ्यासाठी जग या फोल्डरपासून सुरू होतं. भिंत कच्ची होती. फायली वेगळ्या दिसायच्या, पण प्रोसेस आणि नेटवर्क सगळ्यांचं एकच. 2000 साली फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तीत 'जेल' आलं आणि भिंत पक्की झाली. नावच तुरुंग! त्या काळाचा हेतू नावातच दिसतो.

लिनक्समध्ये हे एकदम झालं नाही, तुकड्यातुकड्याने झालं. 2002 मध्ये फायलींच्या मांडणीसाठी पहिली नेमस्पेस आली. मग गूगलच्या अभियंत्यांनी कुणी किती सीपीयू आणि मेमरी वापरायची याचा हिशेब ठेवणारी 'सीग्रुप'ची सोय लिहिली, ती जानेवारी 2008 च्या कर्नेलमध्ये शिरली. त्यानंतरचा मेमरीचा नियंत्रक आयबीएमच्या भारतातल्या लिनक्स केंद्रातल्या बलबीर सिंग यांच्या कामातून उभा राहिला. हे मुद्दाम सांगतो. आपण नुसते वापरणारे नव्हतो, या वाड्याच्या बांधकामात आपल्याकडचेही हात होते.

मार्च 2013 मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत डॉकर दाखवलं. भिंती तयारच होत्या. डॉकरने बिऱ्हाड सामानासकट बांधून कुठेही नेण्याची रीत दिली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. डॉकरची मूळ रचना अशी, की रूटच्या अधिकाराने एक सेवा सतत चालू राहते. तिला हुकूम देता यावा म्हणून आपलं नाव 'डॉकर' गटात घातलं, की आपल्याला जवळजवळ रूटचेच अधिकार मिळतात. सर्व्हरवर जाणकार माणूस बसलेला असतो. घरच्या संगणकावर हीच सोय सगळ्या घराची किल्ली होते.

यावर उतारा तयार होता. त्याच 2013 च्या फेब्रुवारीत कर्नेलमध्ये 'यूजर नेमस्पेस' पूर्ण झाली. आत रूट, बाहेर मात्र साधा वापरकर्ता. ती सर्वांना खुली करायला वितरणं बरीच वर्षं कचरत होती. डेबियनने तर 2021 च्या अकराव्या आवृत्तीत ती मूळ मांडणीत सुरू केली. याच पायावर रेड हॅटचं पॉडमन उभं राहिलं. कायम चालणारी सेवा नाही आणि रूटची गरजही नाही.

आता डेस्कटॉपकडे येऊ. 2018 मध्ये फेडोरा सिल्व्हरब्लू आलं. त्यात मूळ प्रणालीच्या फायली फक्त वाचता येतात, त्यामुळे ती सहसा बिघडत नाही. पण मग प्रोग्रामिंगची साधनं बसवायची कुठे? या अडचणीतून देबर्षी रे यांनी 'टूलबॉक्स' लिहिलं. 2021 च्या अखेरीस लुका दि माइओ यांनी 'डिस्ट्रोबॉक्स' आणलं. त्यामुळे डेबियनवर बसून फेडोराची किंवा आर्चची ताजी साधनं वापरता येऊ लागली. आपली चालती प्रणाली जशीच्या तशी राहते.

इथे इतिहासाची दिशा उलटली. तोवर सगळे भिंती बांधत होते, या दोघांनी त्याच भिंतीत दारं पाडली. होम फोल्डर आत दिलं, नेटवर्क तेच ठेवलं, खिडकी पडद्यावर उमटावी म्हणून वेलँडचं सॉकेट आत दिलं, प्रोग्राम एकमेकांशी ज्यातून बोलतात ती डी-बसही दिली. वापरकर्त्याचा क्रमांक आतबाहेर सारखाच ठेवला. म्हणून आत तयार केलेली फाइल बाहेर परक्याच्या नावावर दिसत नाही.

मराठीत काम करणाऱ्याला या दारांची किंमत लगेच कळते. कंटेनरची इमेज लहान राहावी म्हणून तिच्यात फाँट आणि लोकेल बहुधा नसतात. नुसत्या कंटेनरमध्ये मराठी मजकूर उघडा, अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील. इन्स्क्रिप्ट मांडणी सांभाळणारा आयबस बाहेर चालतो. त्याच्यापर्यंत वाट नसेल तर 'क'ची कळ दाबावी आणि रोमन 'के' उमटावा! डिस्ट्रोबॉक्स बाहेरचे फाँट आत आणतं, म्हणून चौकोन जातात. मराठी लोकेल मात्र काही वेळा आपल्यालाच बसवावं लागतं.

आता हातून काय सुटलं ते. कंटेनरमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा समज सर्व्हरच्या काळातला. डिस्ट्रोबॉक्समध्ये चालवलेली अनोळखी स्क्रिप्ट तुमचे फोटो पुसू शकते, एसएसएचची खासगी किल्ली वाचू शकते. बनवणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही. वेगळेपणा हा आपला हेतू नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. वेगळं होम फोल्डर देण्याची सोय आहे, पण बाहेरची फाइल व्यवस्था तरीही आतून पोचण्याजोगी राहते. दुसरी गंमत अशी, की दोन वितरणं एकच होम वापरतात, तेव्हा एकाने ठेवलेली पायथनची पॅकेजेस दुसऱ्याच्या वाटेत येतात. कंटेनर काढून टाकला तरी होममधला हा पसारा मागे राहतोच.

म्हणून नवीन मुलांना मी एवढंच सांगतो. चालती प्रणाली न बिघडवता नवं शिकायचं असेल तर टूलबॉक्स किंवा डिस्ट्रोबॉक्स घ्या, बिनधास्त घ्या. पण ज्याच्यावर विश्वास नाही असा प्रोग्राम पाहायचा असेल तर होम न जोडता, नेटवर्क बंद ठेवून साध्या पॉडमनमध्ये चालवा, आणि धोका मोठा वाटत असेल तर व्हर्च्युअल मशीनच बरं. दोन्ही ठिकाणी शब्द 'कंटेनर' हाच आहे. सुरू करण्याआधी कुठलं दार उघडं ठेवलंय, ते बघून घ्या.

आता तुमचे प्रश्न घेतो.