झटपट बरिटो, पण पूर्ण शिजलेल्या राजम्याचा

दिवसभराच्या कामानंतर घरी पोचल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत तयार होणारा, पोटभरीचा आणि हातात धरून खाता येणारा पदार्थ म्हणून शाकाहारी बीन बरिटोचे नाव घेता येईल. गव्हाची मऊ पोळी, तिच्यात परतून ठेचलेला राजमा, थोडा भात, कांदा-टोमॅटोची कच्ची चटणी आणि किसलेले चीज, एवढाच त्याचा पसारा. मात्र ‘झटपट’ या शब्दाला येथे एक अट आहे. परतणे आणि गुंडाळणे झटपट होते. राजमा शिजवणे नव्हे. ते काम आधीच उरकलेले असावे लागते आणि त्यात केलेली काटकसर थेट पोटावर बेतू शकते.

नाव आणि गाव

‘बुर्रितो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ लहानगे गाढव. इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आल्यामुळे त्याचा उच्चार बरिटो असा रूढ झाला. मेक्सिकन क्रांतीच्या काळात, म्हणजे १९१० नंतर, सिउदाद हुआरेस या सीमेवरील शहरात एक विक्रेता गाढवावरून हे खाणे विकत असे आणि त्यावरून हे नाव पडले, अशी कथा हमखास सांगितली जाते. ती रंजक असली तरी तिचा काळ जुळत नाही. फेलिक्स रामोस इ दुआर्ते यांच्या १८९५ मधील मेक्सिकन शब्दांच्या कोशात ‘बुर्रितो’ ही नोंद आढळते. आत मांस किंवा अन्य काही घालून गुंडाळलेली पोळी असा तिचा अर्थ दिला असून, ग्वानाह्वातो प्रांतातील हा शब्द असल्याचे म्हटले आहे.

आज मात्र बरिटोचे नाते जोडले जाते ते उत्तर मेक्सिकोशी. मेक्सिकोची मूळ पोळी मक्याची. गहू तेथे स्पॅनिश लोकांनी नेला आणि सोनोरासारख्या उत्तरेकडील कोरड्या प्रांतांत तो चांगला रुजला. त्यामुळे त्या भागात गव्हाच्या पातळ, मोठ्या पोळ्यांची परंपरा निर्माण झाली. मक्याच्या पोळीपेक्षा गव्हाची पोळी अधिक लवचिक असते. चारही बाजूंनी मुडपली तरी ती फाटत नाही. बरिटोचा बंद आकार तिच्यामुळेच शक्य झाला.

उत्तर मेक्सिकोतील बरिटो सडपातळ असतो. त्यात एक किंवा दोनच जिन्नस भरतात आणि भात सहसा नसतो. भात, राजमा, चटण्या, क्रीम असे सारे ठासून भरलेला आणि अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेला जाडजूड बरिटो लोकप्रिय झाला तो सॅन फ्रान्सिस्को शहरातील मिशन या वस्तीत, १९६० च्या दशकात. आपल्या शहरांतील उपाहारगृहांत बहुधा याच पद्धतीचा बरिटो मिळतो.

शाकाहारी म्हणजे कितपत?

राजम्याचा बरिटो शाकाहारीच असणार, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. मेक्सिकोत राजमा परतण्यासाठी आणि गव्हाची पोळी मऊ करण्यासाठी पारंपरिकरीत्या डुकराची चरबी वापरतात. अमेरिकेत मिळणाऱ्या परतलेल्या राजम्याच्या काही डब्यांतही ती असते. भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो आणि काही चीज वासराच्या जठरातील विकर वापरून केलेली असतात. भारतात वेष्टनावरील हिरव्या ठिपक्यामुळे हा प्रश्न सुटतो. अमेरिकेत असे सक्तीचे चिन्ह नाही. तेथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या शाकाहारी मंडळींनी डब्यावरील घटकांच्या यादीत ‘लार्ड’ हा शब्द आहे का ते पाहावे आणि उपाहारगृहात राजमा, भात व पोळी या तिन्हींविषयी स्पष्ट विचारावे. घरी केलेल्या बरिटोत ही शंकाच उरत नाही.

राजम्याच्या बाबतीत घाई नको

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि लाल राजम्यात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत तीव्र मळमळ, उलट्या आणि त्यानंतर जुलाब सुरू होऊ शकतात. पुरेशा उकळीने हे विष नाहीसे होते. मंद आचेवर नुसते गरम होत राहिलेल्या राजम्यात मात्र ते टिकते; सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंतच तापलेला अर्धाकच्चा राजमा पूर्ण कच्च्यापेक्षाही अधिक घातक ठरू शकतो. म्हणून तासन् तास मंद तापमानावर चालणाऱ्या विजेच्या भांड्यात राजमा थेट शिजवू नये.

सुरक्षित पद्धत सोपी आहे. राजमा किमान ५ तास, शक्यतो रात्रभर, भरपूर पाण्यात भिजवावा. ते पाणी फेकून द्यावे. नव्या पाण्यात उघड्या भांड्यात शिजवायचा असल्यास खळखळ उकळी आल्यापासून किमान ३० मिनिटे तशीच उकळी ठेवावी आणि पुढे मऊ होईपर्यंत शिजवावा. प्रेशर कुकरमधील तापमान १०० अंशांच्या वर जात असल्याने तेथे हे काम लवकर होते. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून सुमारे २० मिनिटे ठेवावे. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला आणि मध्यभागी कणी लागली नाही, तरच तो शिजला असे समजावे. जुना राजमा अधिक वेळ घेतो. डबाबंद राजमा पूर्ण शिजवलेलाच असतो. त्यातील मीठ कमी व्हावे म्हणून तो फक्त धुऊन घ्यावा.

मेक्सिकोच्या उत्तर भागात ठिपकेदार पिंटो जातीचा राजमा वापरतात. साताऱ्याच्या कोरेगाव परिसरातील, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा हा त्याच वनस्पतिकुळातील असून, बरिटोसाठी तो उत्तम ठरतो. भिजवण्याचा आणि उकळण्याचा नियम त्यालाही तितकाच लागू आहे.

साहित्य (४ बरिटोंसाठी)

सारणासाठी: राजमा किंवा वाघ्या घेवडा २०० ग्रॅम (भिजवून, शिजवून), १ मोठा कांदा, लसणाच्या ४ पाकळ्या, २ मोठे चमचे तेल, १ लहान चमचा जिरेपूड, १ लहान चमचा लाल तिखट, मीठ.

चटणीसाठी: २ घट्ट टोमॅटो, १ लहान कांदा, १ हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ.

इतर: मोकळा शिजलेला भात १ वाटी, किसलेले चीज ४ मोठे चमचे, सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाच्या ४ पोळ्या.

पोळ्या घरी करायच्या असल्यास २५० ग्रॅम मैदा (किंवा अर्धा मैदा, अर्धी कणीक), ३ मोठे चमचे तेल, अर्धा लहान चमचा मीठ आणि कोमट पाणी घेऊन मऊ पीठ मळावे. अर्धा तास झाकून ठेवावे. घडी न घालता पातळ लाटून गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी झटपट भाजावे आणि लगेच कापडात गुंडाळावे. पोळी कडक झाली तर ती मुडपताना तडकते.

कृती

१. चटणीचे साहित्य बारीक चिरून एकत्र करावे. मीठ शेवटी घालावे आणि सुटलेले पाणी निथळून टाकावे; अन्यथा बरिटो तळाशी ओला होतो.

२. तेल तापवून बारीक चिरलेला कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा. त्यात ठेचलेला लसूण, जिरेपूड आणि तिखट घालावे.

३. शिजलेला राजमा आणि त्यातील अर्धी वाटी पाणी घालून मॅशरने भरड ठेचावा. काही दाणे अख्खे राहू द्यावेत. सात-आठ मिनिटे परतल्यावर सारण कढईच्या कडा सोडू लागते. त्या वेळी मीठ घालून आच बंद करावी. मेक्सिकोत यास ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ म्हणतात. याचा अर्थ दोनदा तळलेला राजमा असा केला जातो, पण तो बरोबर नाही. मेक्सिकन बोलीतील ‘रे’ हा उपसर्ग येथे ‘चांगला, भरपूर’ या अर्थाने येतो. म्हणजेच चांगला परतलेला राजमा.

४. प्रत्येक पोळी तव्यावर दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेकंद गरम करावी. विकतची पोळी थंडच मुडपली तर हमखास फाटते.

गुंडाळण्याची रीत

पोळीच्या मध्याच्या किंचित खाली आडवा पट्टा करून सारण पसरावे. कडेला चार बोटे जागा मोकळी सोडावी. त्यावर भात, चटणी आणि चीज घालावे. एका बरिटोत सर्व मिळून पाऊण वाटीपेक्षा जास्त भरू नये. प्रथम डावी-उजवी कड आत मुडपावी. मग आपल्याकडील कड सारणावर घेऊन बोटांनी आत घट्ट ओढावी आणि पुढे गुंडाळत न्यावे. शेवटची कड खाली ठेवून तव्यावर मिनिटभर शेकले की ती चिकटून बसते.

पोषण आणि साठवण

या प्रमाणात एका बरिटोत सुमारे ५० ग्रॅम कोरडा राजमा जातो आणि त्यातून अंदाजे ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते राजम्यात भरपूर असते. राजम्यात मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढते. वरण-भातामागील पोषणाचे गणितही हेच.

आठवड्याच्या सुटीत दुप्पट-तिप्पट राजमा शिजवून ठेवल्यास कामाच्या दिवशी खरोखर पंचवीस मिनिटांत जेवण होते. शिजलेला राजमा आणि भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. बरिटो गोठवायचा असल्यास ओली चटणी वगळावी, प्रत्येक बरिटो स्वतंत्र गुंडाळावा आणि महिनाभरात वापरावा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्यापूर्वी अॅल्युमिनियमचा कागद काढण्यास विसरू नये. चटणी मात्र आयत्या वेळी केलेलीच बरी. तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.