दर्यावरची संकेत-बंदूक
१७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. गिरगांव-परळांतील कित्येक घरांवर कुऱ्हाड कोसळली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबईस वार्ता कळली ती दुपार टळल्यावर!

नौकेची खूण दुरून दिसावी, म्हणून प्रकाशगोळा उडविणारी बंदूक अमेरिकन नौदलाचे अधिकारी एडवर्ड व्हेरी यांनीं १८७७ सालीं सिद्ध केली. पुढल्याच वर्षीं आपल्याकडे हत्यारांचा कायदा आला. परवान्यावांचून बंदूक बाळगण्यास बंदी झाली. परंतु दर्यावर जाणाऱ्या जहाजाच्या नेहमींच्या सरंजामांतील शस्त्रें त्यांतून वगळलीं. १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमांतही ती सूट कायम आहे.

खासगी नौकेच्या मालकानें यांतलें मर्म ओळखावें. सूट आहे ती नौकेच्या सरंजामास, मालकाच्या हौसेस नव्हे. तीच बंदूक गिरगांवांतील घरीं आणून ठेवल्यास हें कलम आधारास येणार नाहीं. मात्र कायद्यानें ठेवूं दिलेलें संकटसाधनच नौकेवर नसेल, तर त्याचा दोष कायद्यास कसा द्यावा?