गांधी-हत्या : लोकप्रवाद आणि नोंदी
(सातारा-सांगलीच्या संदर्भात)

केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, तो बौद्ध वाचकांस सुपरिचित आहे. एखादी गोष्ट परंपरेने आली, पुष्कळांच्या तोंडी आहे किंवा आदरणीय व्यक्तीने सांगितली, एवढ्यावरून ती स्वीकारू नये. ती तपासून घ्यावी. हा दंडक इतिहासालाही तितकाच लागू पडतो. विशेषतः एखाद्या गाजलेल्या खुनाविषयी अनेक वर्षे कथा सांगितल्या गेल्या असतील, तर त्या कथा आणि लेखी नोंदी शेजारीशेजारी ठेवून पाहणे आवश्यक ठरते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत झालेली मोहनदास करमचंद गांधी यांची हत्या ही अशीच घटना होय. तिचे धागे सातारा व सांगली या भागांशी निगडित आहेत. वडिलांच्या निवृत्तीनंतर गोडसे कुटुंब सांगलीस राहावयास आले आणि तेथे नथुरामने काही काळ शिवणकामाचा व्यवसाय केला. पाचगणी तर सातारा जिल्ह्यातच आहे.

प्रथम पाचगणीची कथा पाहू. १९४४ साली पाचगणी येथे नथुराम गोडसेने खंजीर घेऊन गांधींवर चाल केली व त्याला तेथेच अडविण्यात आले, असे साताऱ्यात आजही सांगितले जाते. भिलारचे स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजी यांनी हा प्रसंग आयुष्यभर सांगितला. काही लेखनात या प्रसंगाचा महिना मे असा दिला जातो. परंतु ६ मे १९४४ रोजी आगाखान राजवाड्यातील स्थानबद्धतेतून सुटल्यावर गांधी जुहूस होते. पाचगणीतील त्यांचा मुक्काम जुलै महिन्यातला आहे. जीना व चर्चिल यांना त्यांनी १७ जुलै १९४४ रोजी लिहिलेली पत्रे पाचगणीहून लिहिलेली आहेत. म्हणजे महिन्याच्या बाबतीत लोकस्मृती चुकते. त्या मुक्कामात पुण्याहून आलेल्या तरुणांनी गांधींविरुद्ध निदर्शने केली, यात शंका नाही. पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या चौकशी आयोगापुढे या प्रसंगाविषयी साक्षी झाल्या. परंतु हल्ला करणारा नथुरामच होता आणि त्याच्या हाती शस्त्र होते, ही गोष्ट निर्विवादपणे शाबीत झाली नाही. लाल किल्ल्यातील खटल्यात कटाचा काळ १ डिसेंबर १९४७ ते ३० जानेवारी १९४८ असा धरलेला असल्याने पाचगणीचा प्रसंग त्या आरोपपत्राच्या कक्षेबाहेरच राहतो. यावरून भिलारे गुरुजींच्या कथनास असत्य ठरविण्याचा अधिकार आपणांस मिळत नाही. साक्ष हे एक साधन आहे व सिद्धता ही त्यापुढील पायरी आहे, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

दुसरा प्रवाद अधिक प्रभावी आहे. पाकिस्तानला पंचावन्न कोटी रुपये द्यावेत म्हणून गांधींनी उपोषण केले आणि त्यामुळेच हत्या घडली, असे सांगितले जाते. नथुरामनेही न्यायालयातील आपल्या निवेदनात हेच कारण पुढे केले. नोंदी काय सांगतात? फाळणीनंतरच्या वाटणीत पाकिस्तानच्या वाट्याला पंचाहत्तर कोटी आले होते. त्यांपैकी वीस कोटी दिले गेले होते व पंचावन्न कोटी काश्मीरच्या प्रश्नामुळे रोखून धरण्यात आले होते. उपोषणाची घोषणा १२ जानेवारीस झाली व ते दुसऱ्या दिवशी सुरू झाले. रक्कम देण्याचा निर्णय १५ जानेवारीस जाहीर झाला. परंतु माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या साक्षीप्रमाणे आपटेने १० जानेवारी रोजीच त्याच्याकडे स्फोटके, हातबॉम्ब व पिस्तुले यांची मागणी केली होती. नथुरामने आपल्या विमा पॉलिसींवर १३ व १४ जानेवारीस आपटे व गोपाळ गोडसे यांच्या पत्नींची नावे नोंदविली होती. १८ जानेवारीस ज्या शपथपत्रानंतर उपोषण सुटले, त्यात मशिदी परत करणे, मेहरौलीचा उरूस, मुसलमानांचा निर्भय वावर असे मुद्दे आहेत. पंचावन्न कोटींचा त्यात उल्लेख नाही. रक्कम द्यावी असे गांधींचे मत होते, हे खरे आहे, आणि निर्णय उपोषणाच्या काळात झाला, हेही खरे आहे. पण शस्त्रांची जुळवाजुळव निर्णयाच्या आधीची असेल, तर तो निर्णय हत्येचे मूळ कारण ठरू शकत नाही.

तिसरी गोष्ट हत्येनंतरची आहे. मारेकऱ्याची जात कळताच महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले. अमेरिकन अभ्यासक मॉरीन पॅटर्सन यांच्या निष्कर्षाप्रमाणे सर्वांत तीव्र हिंसा मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत नव्हे, तर सातारा, कोल्हापूर व बेळगाव या भागांत झाली. सांगलीत मराठ्यांसोबत जैन व लिंगायतही हल्ल्यांत सामील झाले आणि चित्पावनांचे कारखाने उद्ध्वस्त झाले. या घटनांमुळे पटवर्धनांची संस्थाने मार्च १९४८ पर्यंत घाईने मुंबई प्रांतात विलीन झाली. या उद्रेकामागे प्रवाद होता, तो असा की एका जातीने गांधींना मारले. न्यायालयाच्या नोंदीत मात्र आठ आरोपी आहेत. त्यांत मदनलाल पाहवा हा पंजाबी निर्वासित आहे आणि शंकर किस्तय्या हा बडगेचा नोकर आहे. तेथे जातीवर आरोप ठेवलेला नाही, कृत्यावर ठेवलेला आहे. वसल सुत्तातही हाच विचार आहे. मनुष्य जन्माने नव्हे, कर्माने नीच ठरतो.

एकाच्या कृत्यासाठी सगळी वस्ती जाळण्याची रीत आपल्या समाजाला परकी नाही. तिची धग आपण शतकानुशतके सोसली आहे. म्हणूनच ती रीत कोणाच्याही बाबतीत न्याय्य मानणे आपणांस शोभणारे नाही. गांधींशी आपला मतभेद होता आणि आहे. १९३२ चा पुणे करार आपण विसरलेलो नाही. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो मतभेद १९४५ साली ग्रंथरूपाने मांडला, तो आकडे, ठराव व पत्रव्यवहार यांच्या आधारे. विरोध कसा करावा, याचा धडा त्या ग्रंथात आहे.

नोंद हीही अंतिम नव्हे, हे मात्र ध्यानी घ्यावे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ च्या निकालात आरोपींना शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. जातीचे वास्तव निकालपत्रात उमटले नाही. नोंद कोणी केली, कोणाची साक्ष नोंदली गेली व कोणाची वगळली गेली, हे विचारल्यावाचून नोंदीलाही प्रमाण मानता येत नाही.

तेव्हा अभ्यासकाचे कर्तव्य दुहेरी आहे. प्रवादाला नोंदीची कसोटी लावावी आणि नोंदीला प्रश्न विचारावा. जे आपल्याला सोयीचे वाटते, त्याची तपासणी अधिक कठोरपणे करावी. तथागतांनी कालामांना दिलेले स्वातंत्र्य हे अशी तपासणी करण्याची जबाबदारीच होय.