एका पेटंटची मुदत : शंकर आबाजी भिसे आणि खिळ्यांचे यंत्र

भारतात पेटंटचा पहिला कायदा १८५६ साली झाला आणि त्याखाली पहिला अर्ज आला तो पंखा ओढण्याच्या यंत्राचा. ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी तो दाखल केला. साहेबाच्या डोक्यावरचा झालरीचा पंखा हलवायला एक माणूस दोरी धरून तासन्‌तास बसलेला असे. त्याचे काम यंत्राने करावे, ही कल्पना. यंत्र कोणाच्या गरजेतून जन्मते, हे त्या पहिल्याच कागदावरून कळते. शोधांच्या इतिहासात ‘हे कोणाला सुचले’ असे सगळेच विचारतात. ‘त्यात पैसा कोणी घातला आणि का’ हा प्रश्न मागे राहतो. शंकर आबाजी भिसे यांची हकिकत मला या दुसऱ्या प्रश्नासाठी महत्त्वाची वाटते.

भिसे मुंबईचे. जन्म २९ एप्रिल १८६७. त्यांच्यावरच्या लेखांत ‘भारतीय एडिसन’ ही पदवी हमखास असते आणि सुमारे २०० शोध, सुमारे ४० पेटंटे हे आकडेही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेबद्दल लंडनच्या एका मासिकाच्या स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळाले. मग दिनशा वाच्छांचे दादाभाई नौरोजींच्या नावचे पत्र घेऊन त्यांनी लंडन गाठले. तिथे त्यांनी विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी केली, स्वयंपाकघरातली लहानसहान साधने केली. पण ज्या यंत्रावर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे लावली, ते होते छापखान्याचे खिळे ओतणारे यंत्र.

त्या काळी छापखान्याची सारी मदार खिळ्यांवर असे. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात ओतायचा. साच्याच्या तळाशी अक्षराची खोलगट मातृका. रस थिजला की खिळा तयार. हातसाच्यावर कसलेला ओतारी दिवसाला ४०००च्या आसपास खिळे काढी. १८८६ साली न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये ओटमार मेर्गेनथालर यांचे लायनोटाइप चालू झाले. कळफलकावर अक्षरे दाबायची की अख्खी ओळ एकसंध ओतून बाहेर. पाठोपाठ टोलबर्ट लॅन्स्टन यांचे मोनोटाइप आले; ते सुटे खिळे ओते, मिनिटाला साधारण दीडशे. भिसे यांचे ‘भिसोटाइप’ मजकूर जुळवत नसे, नुसते ओतत असे. पण एका वेळी अनेक खिळे. वेगाचा दावा होता मिनिटाला १२०० खिळ्यांचा.

कल्पना कागदावर आली, पेटंटे मिळाली. इथे पेटंट म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. पेटंट यंत्र बांधून देत नाही, विकूनही देत नाही. दुसऱ्याने ते आपल्या परवानगीशिवाय करू नये, एवढाच हक्क देते; तोही त्या-त्या देशापुरता आणि ठरावीक मुदतीचा. ब्रिटनमध्ये तेव्हा ही मुदत १४ वर्षांची होती. हक्क जिवंत ठेवायला चौथ्या वर्षी ५ पौंड भरावे लागत आणि पुढे दर वर्षी रक्कम वाढत १४ पौंडांपर्यंत जाई. म्हणजे अर्ज केल्या दिवसापासून घड्याळ सुरू. नमुना, सुधारलेला नमुना, कारखाना, गिऱ्हाईक, सगळे त्या मुदतीत बसवायचे. ज्याच्याजवळ भांडवल आहे त्याला १४ वर्षे पुष्कळ. ज्याला ते शोधत फिरायचे आहे त्याची निम्मी मुदत त्यातच सरते.

भिसे यांचे तसेच झाले. सुरुवातीला आधार दादाभाईंचा. त्यांच्यामार्फत पुढे आले हेन्री हिंडमन. ब्रिटिश समाजवाद्यांचा हा पुढारी भारतीय शोधकासाठी भांडवल उभे करू पाहत होता, आणि ते त्याला जमले नाही. १९०८च्या सुमारास हा मार्ग बंद झाला. मग गोपाळ कृष्ण गोखले यांच्या ओळखीने जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा पुढे आले, भिसे यांच्या शोधांसाठी सिंडिकेट निघाले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत तेही आटोपले.

ही नावे एका ओळीत ठेवून पाहावीत. दादाभाई, हिंडमन, गोखले, टाटा. स्वदेशीच्या त्या दिवसांत भारतीय बुद्धी कशात कमी नाही, याचा पुरावा त्यांना या यंत्रात दिसला असावा. भावना उदात्त होती. पण यांपैकी कोणीही खिळ्यांचे मोठे गिऱ्हाईक नव्हते. लायनोटाइपची गोष्ट नेमकी उलटी. त्यात पैसा घालणारे ‘ट्रिब्यून’चे व्हाइटलॉ रीड आणि इतर वृत्तपत्रमालक होते. यंत्र चालले तर त्यांचाच जुळणीखर्च घटणार होता. मेर्गेनथालर त्यांच्याशी भांडून १८८८मध्ये बाहेर पडले, तरी यंत्र थांबले नाही, कारण गरज मालकांची होती. शिवाय लंडन-न्यूयॉर्कच्या दैनिकांना जुळणी आणि ओतकाम एकत्र हवे होते. नुसते ओतणारे यंत्र, कितीही वेगवान असले, तरी त्यांच्या लेखी अर्धेच उत्तर होते.

आता मुंबईकडे पाहू. लायनोटाइपच्या कळफलकावर ९० कळा. इंग्रजीला त्या पुरतात; देवनागरीला काना-मात्रा, रफार, जोडाक्षरे धरून खिळ्यांचे शेकडो प्रकार लागतात. खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट टिळकांनीही केली होती. जावजी दादाजींच्या निर्णयसागरची ख्याती होती ती सुबक खिळ्यांमुळे. नुसत्या ओतणाऱ्या यंत्राला कळांची अडचण नाही. मातृका बदलली की अक्षर बदलले. माझे अनुमान असे की, लंडनला अर्धे वाटलेले हे उत्तर मराठी, गुजराती, हिंदी छापखान्यांना बरेचसे पूर्ण ठरले असते. पण त्या छापखान्यांजवळ भांडवल नव्हते, आणि शोधकाला पैशाच्या गावी जाणे भाग होते.

टाटांचा आधार सुटल्यावर ते गाव न्यूयॉर्क झाले. तिथे त्यांनी यंत्र सुधारले, नवी पेटंटे घेतली, स्वतःची कंपनी काढली. पण थोडे स्वास्थ्य लाभले ते आयोडीनच्या ‘अ‍ॅटोमिडीन’ या औषधामुळे. ७ एप्रिल १९३५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

लायनोटाइपवर देवनागरी चढवण्याचे प्रयत्न त्याच दशकात फळाला येत होते. तरी मराठीतले बहुतेक छापखाने पुढे कित्येक दशके हातजुळणीवरच चालले. खिळा झिजला की अक्षर तुटायचे. नवा फाँट घ्यायचा तर मालक वर्षभर हिशेब करी. भिसे यांच्या पेटंटांची संख्या आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाला एक पुस्ती जोडायला हवी : ज्यांना त्या यंत्राची खरी निकड होती, त्यांच्या दारात ते कधी आलेच नाही.