डिंगमारांचे पक्वान्न आणि तंजावरचा मुदपाकखाना

मराठेशाहीच्या कागदपत्रांतील ‘डिंगमार’ हा शब्द आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात इंग्रज, वलंदेज, फरासीस यांच्या पंक्तीस हे डिंगमार बसलेले दिसतात. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. तंजावरच्या रघुनाथ नायकाने 1620 साली त्यांना समुद्रकाठचे तरंगंबाडी हे गाव खंडाने दिले आणि तेथे त्यांनी डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले. तेव्हापासून डेन आणि भोसले एकमेकांचे शेजारी झाले. 1845 साली डेन्मार्कने हिंदुस्थानातील आपली ठाणी साडेबारा लक्ष रुपयांस इंग्रजांना विकली, तोवर हा शेजार टिकला.

एवढ्या दीर्घ शेजारात डेन घरांतील गोड पक्वान्ने तंजावरच्या मुदपाकखान्यात पोहोचली काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. साम्य तर डोळ्यांत भरण्यासारखे आहे. डेन्मार्कमध्ये नाताळच्या दिवसांत ‘एब्लेस्कीव्हर’ करतात. गव्हाचे पीठ, अंडी आणि ताक यांचे सरसरीत मिश्रण खळगे असलेल्या तव्यात ओतून हे गोळे फिरवीत भाजले जातात. तो तवा पाहून कोणाही मराठी गृहिणीस आप्पेपात्राची, आणि तमिळ गृहिणीस पणियाराच्या कल्लाची आठवण व्हावी. परंतु साम्य म्हणजे पुरावा नव्हे. पातळ पीठ गोल खळग्यांत शिजविण्याची युक्ती दोन दूरच्या देशांत स्वतंत्रपणेही सुचू शकते. शिवाय कावेरीकाठच्या पणियारात तांदूळ व उडीद, तर तिकडे गहू व लोणी.

आज जगभर ‘डॅनिश’ म्हणून ओळखली जाणारी पापुद्र्यांची लोणीदार पेस्ट्री तर तरंगंबाडीस आणलीच जाणे शक्य नव्हते. 1850 च्या सुमारास कोपनहेगनच्या बेकरी कामगारांनी संप केला, तेव्हा मालकांनी ऑस्ट्रियाहून कारागीर बोलाविले आणि त्यांच्या हातची ही रीत तेथे रुजली. डेन लोक तिला अद्याप ‘व्हिएन्नाचा पाव’च म्हणतात. तोपर्यंत तरंगंबाडीवरील त्यांचे निशाण उतरून पाच वर्षे लोटली होती.

मग या शेजाराने तंजावरला दिले काय? त्याचे उत्तर विद्येत सापडते. डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने 1706 साली तरंगंबाडीत धर्मप्रसारक उतरले. त्याच परंपरेतील जर्मन पाद्री श्वार्ट्झ 1750 साली तेथे आला आणि पुढे बाल सरफोजीचा पालक व गुरू झाला. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. त्यांच्याच दरबारी ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ सिद्ध झाला. त्यात स्वदेशी पाकांबरोबर इंग्रजी पद्धतीचे पाकही नोंदलेले आहेत.

तरंगंबाडीच्या डेन घरांतील चुली केव्हाच विझल्या. त्यांवर काय शिजले, हे साम्यावरून ठरविणे म्हणजे इतिहासाच्या जागी कल्पना बसविणे होय. तंजावरच्या दरबाराने मात्र परक्याचा पदार्थ परका म्हणून टाकला नाही आणि आपला म्हणून मिरविलाही नाही. त्याचे मूळ सांगून तो आपल्या भाषेत उतरवून ठेवला. म्हणूनच त्या मुदपाकखान्याविषयी आज खात्रीने काही बोलता येते.